परदेशातले वृद्धाश्रम आणि आपले: बेळगाव सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एक मुलगा पुण्यात, दुसरा जर्मनीत, मुलगी गोव्यात आणि आई-अप्पा टिळकवाडीच्या नाहीतर येळ्ळूरच्या घरात, अशी घरं आता बेळगाव भागात गल्लोगल्ली आहेत. खानापूर, निपाणी, चिकोडीकडेही वेगळं नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या बैठकीत, लग्नाच्या पंगतीत, बँकेतल्या पेन्शनच्या रांगेत वृद्धाश्रमाचा विषय निघतोच, आणि निघाला की कुणीतरी हमखास "परदेशात बघा की कसं असतं" असं म्हणतं. परदेशात खरंच कसं असतं आणि त्यातलं आपल्या उपयोगाचं काय, एवढंच इथं सांगितलं आहे. प्रश्न लोक विचारतात त्याच भाषेत ठेवले आहेत.

परदेशात म्हातारपणी सगळ्यांना वृद्धाश्रमातच टाकतात म्हणे. खरं का?

नाही. बहुतेक श्रीमंत देशांत ६५ वर्षांवरच्या शंभर माणसांतली साधारण तीन ते सहा माणसं अशा संस्थांत राहतात. बाकीची आपापल्या घरीच असतात. फरक एवढाच की त्यांतल्या अनेकांच्या घरी नगरपालिकेने किंवा विम्याने पाठवलेली व्यक्ती येते, अंघोळ घालते, गोळ्या देते आणि जाते. डेन्मार्कने तर १९८० च्या दशकाच्या शेवटी जुन्या पद्धतीची मोठी नर्सिंग होम बांधणंच थांबवलं आणि म्हाताऱ्यांना सोयीची घरं व घरपोच सेवा यांवर भर दिला. शांघाय शहराने धोरण आखताना ९०-७-३ असा हिशेब मांडला: नव्वद टक्के घरी, सात टक्क्यांना वस्तीतल्या केंद्राचा आधार, तीन टक्के संस्थेत.

तेव्हा "ते लोक निष्ठुर, आपण मायाळू" ही समजूत सोडून दिलेली बरी. आपल्याकडेही अप्पांना रोज उचलून बसवणारी सहसा सूनच असते, आणि ती माया आहे की नाइलाज, हे तिला कुणी विचारत नाही.

मग आपला वृद्धाश्रम आणि तिकडचा यांत नेमका फरक कोणता?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, आणि तो फार कमी लोक विचारतात.

आपल्याकडच्या बहुतेक वृद्धाश्रमांच्या फॉर्मवर एक अट असते: प्रवेश घेणाऱ्याला स्वतःची कामं स्वतः करता आली पाहिजेत. म्हणजे चालता येतं, जेवता येतं, संडासला एकटं जाता येतं, तरच जागा. पुढे पडून मांडीचं हाड मोडलं, पक्षाघात झाला, विसरभोळेपणा वाढून माणूस रात्रीअपरात्री गेटबाहेर जाऊ लागला, की संस्थेचा फोन येतो, "आता यांना घरी घेऊन जा." अपवाद आहेत, पण रीत ही.

तिकडे बरोबर उलटं. जपानमध्ये सरकारी मदतीवर चालणाऱ्या विशेष नर्सिंग होममध्ये २०१५ पासून सर्वसाधारणपणे पाचपैकी तिसऱ्या किंवा त्यावरच्या पायरीची काळजी लागणाऱ्यालाच प्रवेश मिळतो. हिंडता-फिरता माणूस तिथं गेला तर त्याला परत पाठवतील. हॉलंडमध्येही चोवीस तास देखरेख किंवा मदत जवळ लागते, हे ठरल्यावरच दार उघडतं.

आपला वृद्धाश्रम कुणी नसलेल्यासाठी निघाला, त्यांचा अंग न चालणाऱ्यासाठी. त्यामुळे दोन्हीकडच्या इमारतींचे फोटो शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही. आपल्याकडे ज्या दिवशी खरी गरज सुरू होते, त्याच दिवशी संस्था संपते. पुण्या-बंगळुरात अंथरुणाला खिळलेल्यांना किंवा डिमेन्शिया झालेल्यांना ठेवून घेणारी खासगी केंद्रं निघाली आहेत. बेळगावकडे अशी जागा शोधत हिंडावं लागतं.

"गरज किती आहे" हे तिकडे कोण ठरवतं? डॉक्टर?

एकटा डॉक्टर नाही. जपानमध्ये नगरपालिकेकडे अर्ज करायचा. मग एक जण घरी येऊन ७४ मुद्द्यांची प्रश्नावली भरतो: कूस बदलता येते का, बटण लावता येतं का, आज कुठला ऋतू आहे ते सांगता येतं का. त्यावरून संगणक प्राथमिक पायरी काढतो. नंतर डॉक्टरांचं मत जोडून एक समिती शेवटचं ठरवते. एकूण सात पायऱ्या, दोन आधाराच्या आणि पाच काळजीच्या.

जर्मनीत २०१७ पासून पाच पायऱ्या आहेत. विम्याच्या बाजूचा वैद्यकीय तपासनीस घरी येतो आणि शंभरपैकी गुण देतो. हालचालीला त्यात फक्त दहा टक्के वजन आहे. स्वतःचं खाणंपिणं, अंघोळ, कपडे यांना चाळीस. साडेबारा गुणांपासून पहिली पायरी, नव्वदपासून पाचवी.

सिंगापूरची पद्धत सगळ्यात सोपी आणि आपल्याला आजच वापरता येण्यासारखी. सहा कामं धरायची: अंघोळ, कपडे घालणं, जेवणं, संडास-लघवी, चालणं, खाटेवरून उठून खुर्चीत बसणं. यांतली तीन कामं दुसऱ्याच्या मदतीशिवाय होत नसतील तर तिथल्या विम्याचे पैसे सुरू होतात. वृद्धाश्रम बघायला जायच्या आधी ही सहा कामं एका कागदावर लिहून प्रत्येकापुढे "होतं", "धरावं लागतं", "होत नाही" असं मांडा. "तब्येत बरी आहे, जरा थकलेत" या उत्तरावर संस्थेला काही ठरवता येत नाही, आणि नंतर दोन्हीकडून तक्रारी होतात.

तिकडे पैसे सरकार भरतं ना? सगळं फुकट असतं?

फुकट जवळजवळ कुठेच नाही. पैसे कुठून येतात याच्या तीन-चार तऱ्हा आहेत.

विम्याची तऱ्हा जर्मनी, जपान, दक्षिण कोरियात. जर्मनीने १९९५ मध्ये काळजीचा वेगळा विमा सक्तीचा केला. आज पगाराच्या ३.६ टक्के त्यात जातात, आणि मूलबाळ नसलेल्याला थोडे जास्त. (आपल्याकडे असं काही निघालं तर निपुत्रिकांवर अन्याय म्हणून मोर्चे निघतील. तिकडचा हिशेब असा की मुलं वाढवणारा उद्याचे विमा भरणारे तयार करतो.) पण हा विमा ठरावीक रक्कमच देतो. पाचव्या पायरीच्या माणसाला नर्सिंग होमसाठी २०२५ मध्ये महिन्याला २,०९६ युरो मिळतात. वरचा खर्च, राहणं आणि जेवण धरून, पहिल्या वर्षात सरासरी ३,००० युरोंच्या आसपास ज्याचा त्याला भरावा लागतो. आजच्या भावाने ते तीन लाख रुपये झाले. पेन्शन पुरली नाही की साठवण जाते, साठवण संपली की सरकारी साहाय्य.

जपानचा विमा एप्रिल २००० मध्ये आला. वयाच्या चाळिशीपासून हप्ता भरायचा आणि सर्वसाधारणपणे पासष्टीनंतर सेवा घ्यायची. निम्मा पैसा हप्त्यांतून, निम्मा करांतून. सेवेच्या खर्चातला दहा टक्के भाग आपण द्यायचा, उत्पन्न जास्त असेल तर वीस किंवा तीस. खोली आणि जेवण वेगळं.

करांची तऱ्हा स्वीडनमध्ये. जबाबदारी नगरपालिकेची, आणि काळजीसाठी जास्तीत जास्त किती पैसे घेता येतील याला २००२ पासून देशभर कमाल मर्यादा आहे. भाडं आणि जेवण इथंही वेगळं, पण सगळं भरून माणसाच्या हातात किमान इतकी रक्कम उरलीच पाहिजे असा नियम. मला हा नियम फार शहाणा वाटतो. हातात स्वतःचे चार पैसे असलेला म्हातारा आणि नसलेला म्हातारा यांच्या आवाजातच फरक पडतो.

इंग्लंड आणि अमेरिकेत आधी तुमची मिळकत मोजतात. इंग्लंडमध्ये २३,२५० पौंडांपेक्षा जास्त मालमत्ता असेल तर पूर्ण खर्च तुमचा. घरात नवरा किंवा बायको राहत नसेल तर कायमच्या मुक्कामासाठी घराची किंमतही त्यात धरली जाते, म्हणून अनेकांची घरं विकली जातात. आयुष्यभराच्या खर्चाला ८६,००० पौंडांची मर्यादा घालायचं कितीतरी वर्षं गाजलं; २०२४ च्या जुलैत नव्या सरकारने ते रद्द केलं. शेजारच्या स्कॉटलंडमध्ये मात्र अंघोळ-जेवण-कपडे अशी वैयक्तिक काळजी २००२ पासून मोफत आहे. एकाच राज्याच्या दोन भागांत दोन न्याय, हे सीमाभागातल्या माणसाला वेगळं समजावून सांगायला नको.

अमेरिकेत तर मेडिकेअर आहे. मुलगा तिकडेच आहे, आम्ही गेलो तर होईल ना सोय?

इथं फसगत होते, म्हणून जरा सविस्तर.

मेडिकेअर हा पासष्टीवरच्यांचा आरोग्य विमा आहे. तो दवाखान्याचं बघतो, कायमच्या सांभाळाचं नाही. किमान तीन दिवस दवाखान्यात दाखल राहून पुढे कुशल शुश्रूषेची गरज असेल तर एका आजारपणात जास्तीत जास्त शंभर दिवस नर्सिंग होमचा भार तो उचलतो, त्यातही विसाव्या दिवसानंतर रोजचा मोठा वाटा रुग्णाचा. नुसतं भरवायला आणि धुवायला माणूस हवा असेल तर मेडिकेअर नाही. तिथल्या नर्सिंग होममधल्या निम्म्याहून जास्त लोकांचा खर्च मेडिकेड ही गरिबांसाठीची योजना उचलते. तीत बसायला अनेक राज्यांत एकट्या माणसाकडे २,००० डॉलरहून जास्त शिल्लक चालत नाही. आणि मागच्या पाच वर्षांत मालमत्ता मुलांच्या नावावर करून हात झटकले असतील तर तेही शोधून काढतात.

आता तुमचं. ग्रीन कार्ड मिळालेल्या आईवडिलांना तिथं सलग पाच वर्षं राहिल्यावरच पैसे भरून मेडिकेअर घेता येतं. मेडिकेडलाही साधारणपणे पाच वर्षांची अट आहे. व्हिजिटर व्हिसावर गेलात तर दोन्ही नाही, आणि प्रवासी विमा असला सांभाळ धरत नाही. इंग्लंडने २०१२ पासून परावलंबी आईवडिलांचा व्हिसा इतका आवळला आहे की रोजची वैयक्तिक काळजी लागते आणि ती मायदेशात मिळूच शकत नाही किंवा परवडत नाही, असं सिद्ध करावं लागतं.

थोडक्यात, मुलाकडे जायचं असेल तर मुलाच्या घरी राहायला जा. तिथल्या वृद्धाश्रमाच्या भरवशावर इथलं घर विकू नका.

जर्मनीत आईवडिलांचा खर्च मुलांना भरावा लागतो का? आमचा नातू तिथं नोकरीला आहे.

२०२० पासून नियम असा की मुलाचं किंवा मुलीचं वार्षिक उत्पन्न एक लाख युरोंच्या वर असेल तरच सरकार त्यांच्याकडे मागतं. सुनेचं किंवा जावयाचं उत्पन्न त्या मर्यादेत धरत नाहीत. तुमच्या नातवाला इथल्या आजी-आजोबांसाठी हा नियम लागू नाही. त्याला लागू आहे तो आपला भारतीय कायदा. तो पुढच्या प्रश्नात.

मुलगा बघत नाही. कायदा आहे म्हणतात, पण कुठं जायचं?

आईवडील व ज्येष्ठ नागरिकांचं पोषण आणि कल्याण यांसाठीचा २००७ चा केंद्रीय कायदा. मुलगा, मुलगी, सज्ञान नातू आणि नात यांच्यावर सांभाळाची जबाबदारी आहे. सून आणि जावई यांची नावं या कायद्यात नाहीत. मूल नसेल तर ज्या नातेवाइकाकडे मालमत्ता आहे किंवा वारसाने जाणार आहे, त्याच्यावर. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकांनाही तो लागू आहे.

अर्ज न्यायाधिकरणाकडे करायचा. आपल्याकडे ते उपविभागाच्या असिस्टंट कमिशनरकडे असतं, ज्याला लोक अजूनही प्रांत ऑफिस म्हणतात. बेळगाव जिल्ह्यात बेळगाव, चिकोडी आणि बैलहोंगल असे तीन उपविभाग. वकील लावायची गरज नाही, अर्जदाराला जाता येत नसेल तर त्याने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. नोटीस लागल्यापासून नव्वद दिवसांत निकाल द्यायचा, फार तर तीस दिवस वाढ. पोटगीला कायद्यातच महिना दहा हजार रुपयांपर्यंतची मर्यादा आहे. बंगळुरात आयटीत असलेल्या मुलाच्या बाबतीत ही रक्कम हास्यास्पद आहे, पण आज कायदा तेवढाच आहे.

सीमाभागासाठी यातलं एक कलम फार कामाचं. अर्ज आईवडील राहतात त्या जिल्ह्यात करता येतो किंवा मुलगा राहतो त्या जिल्ह्यात. आई खानापूरला आणि मुलगा कोल्हापूरला असेल तर आईने गाडी पकडून कोल्हापूरला हेलपाटे घालायची गरज नाही.

अर्ज कन्नडमध्ये लिहिला जाण्याचीच शक्यता जास्त. मराठी शाळेत शिकलेल्या आज्जीला त्यात काय लिहिलंय ते कुणीतरी शब्दन् शब्द वाचून दाखवल्याशिवाय अंगठा किंवा सही घेऊ नका. घाईत "मला मुलाबद्दल तक्रार नाही" अशा वाक्यावरही सही होऊन जाते.

घर आणि जमीन मुलाच्या नावावर करून दिली. आता तो वृद्धाश्रमात जा म्हणतो. परत मिळेल का?

कलम २३ यासाठीच आहे. सांभाळ करायच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतर रद्द करून घेता येतं. कायदा लागू झाल्यानंतरच्या व्यवहारांनाच हे कलम चालतं.

घोडं अडतं ते "अटीवर" या शब्दापाशी. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या एका निकालात सांगितलं की सांभाळाची अट घातली होती हे दाखवावं लागेल, नुसतं मालमत्ता दिली म्हणून कलम लागत नाही. जानेवारी २०२५ च्या दुसऱ्या निकालात त्याच न्यायालयाने ज्येष्ठांच्या बाजूने उदार अर्थ लावावा असं म्हटलं आणि आईने केलेलं बक्षीसपत्र रद्द केलं. पण त्या प्रकरणात मुलाने सांभाळ करीन असं वेगळ्या कागदावर लिहून दिलेलं होतं.

म्हणून ज्यांनी अजून सह्या केल्या नाहीत त्यांच्यासाठी: बक्षीसपत्रात "आमरण सांभाळ, औषधपाणी आणि राहायला जागा" ही अट स्पष्ट लिहून घ्या. सब-रजिस्ट्रार ऑफिसच्या बाहेर बसलेला दस्तलेखक नेहमीच्या नमुन्यातला मजकूर पुढे करील, तो "प्रेमापोटी" असाच असतो. प्रेम असू दे, अटही असू दे. त्याहून बरं म्हणजे मृत्युपत्र करा. ते हयातीत बदलता येतं, उतारा तुमच्याच नावावर राहतो. आमच्या भागात वाटणीची घाई मुलांपेक्षा शेजाऱ्यापाजाऱ्यांना असते, त्यांचं ऐकू नका.

सरकारी मोफत वृद्धाश्रम प्रत्येक जिल्ह्यात असतो ना?

कायद्यात लिहिलं आहे: प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी. पण इंग्रजी मजकुरातलं क्रियापद "स्थापन करू शकेल" अशा अर्थाचं आहे, बंधनाचं नाही. त्यामुळे देशभरात बहुतेक काम धर्मादाय संस्था, मठ आणि ट्रस्ट यांच्या खांद्यावर राहिलं. केंद्राच्या योजनेतून अशा संस्थांना अनुदान मिळतं. बेळगावकरांना बामणवाडीचा शांताई वृद्धाश्रम माहीत आहेच. महाराष्ट्रात १९९५ च्या सुमाराला मातोश्री वृद्धाश्रम योजना निघाली, त्यात काही जागा मोफत आणि काही शुल्क भरून अशी विभागणी होती.

मग कोल्हापूर-गडहिंग्लजकडे किंवा गोव्यात ठेवलं तर काय अडतं?

खासगी किंवा ट्रस्टच्या संस्थेला राज्याची सीमा सहसा आड येत नाही, सरकारी योजनेतल्या जागेला रहिवासाचा दाखला आड येऊ शकतो. निवृत्तिवेतनाचा हयातीचा दाखला आता आधारवरून कुठूनही देता येतो. रेशनही दुसऱ्या राज्यात उचलता येतं. कर्नाटकची संध्या सुरक्षा पेन्शन मात्र कर्नाटकातल्या रहिवाशासाठी आहे, पत्ता बदलण्याआधी ते तपासा.

सत्तरीवरच्यांना पाच लाखांचं आयुष्मान कार्ड मिळतं. त्यातून वृद्धाश्रमाचे पैसे भरता येतात?

नाही. ते दवाखान्यात दाखल होण्यासाठी आहे. घरची आया, डायपर, वृद्धाश्रमाची फी यांतलं काहीच त्यात येत नाही. अमेरिकेतल्या मेडिकेअरसारखीच गोष्ट. जगभर हा खड्डा आहे आणि विमा कंपनीचा एजंट तो दाखवत नाही.

तिकडच्या संस्थांवर देखरेख कोण ठेवतं?

इंग्लंडमध्ये काळजी-गुणवत्ता आयोग प्रत्येक केअर होमची तपासणी करून चारपैकी एक शेरा देतो, "उत्कृष्ट" पासून "अपुरं" पर्यंत. पूर्ण अहवाल कुणालाही मोफत वाचता येतो. अमेरिकेत सरकारी संकेतस्थळावर प्रत्येक नर्सिंग होमला एक ते पाच तारे असतात. ऑस्ट्रेलियात आधी वाभाडे निघाले: २०१८ ते २०२१ शाही आयोग बसला, हाल आणि दुर्लक्षाच्या कहाण्या जाहीरपणे ऐकल्या गेल्या. त्यानंतर जुलै २०२३ पासून चोवीस तास नोंदणीकृत नर्स हजर असण्याचं बंधन आलं. आता दर रहिवाशामागे रोज सरासरी २१५ मिनिटांची प्रत्यक्ष सेवा द्यायची, त्यातली ४४ मिनिटं नर्सची. मिनिटं मोजणं रुक्ष वाटेल. पण "आम्ही घरच्यासारखं बघतो" हे वाक्य मोजता येत नाही आणि मिनिटं मोजता येतात.

याचा अर्थ तिकडे सगळं छान आहे असा नाही. कोविडच्या पहिल्या लाटेत युरोप-अमेरिकेत मृत्यूंचा मोठा वाटा याच संस्थांमधला होता, स्वीडनसारख्या देशातसुद्धा.

आपल्याकडे असा शेरा देणारं कुणी नाही. तपासणी करायची ती घरच्यांनीच. जायचं तर न सांगता, आणि जेवणाच्या वेळी. ताटात काय आहे बघा, भाकरी चावता न येणाऱ्याला काय देतात ते विचारा. रात्री किती माणसं ड्युटीवर असतात आणि ती झोपतात कुठं, हे विचारा. पडून असलेला कुणी रहिवासी असेल तर त्याची पाठ आणि टाचा कशा आहेत, जखमा आहेत का, यावरून जे कळतं ते कुठल्याही माहितीपत्रकावरून कळणार नाही. ऑफिसमध्ये चहा देऊन तिथूनच परत पाठवणारी संस्था नको. अनामत रक्कम परत कधी मिळते, आणि माणूस अंथरुणाला खिळला तर काय करणार, या दोन गोष्टी लेखी घ्या. दुसरीचं उत्तर बहुधा गुळमुळीत येईल, पण ते गुळमुळीत आलं हे तरी आधी कळेल.

आईला डिमेन्शिया आहे. भाषेचा फरक पडतो का?

पडतो. या आजारात बहुधा नंतर शिकलेली भाषा आधी निसटते, लहानपणची जास्त काळ टिकते. आयुष्यभर बाजारात कन्नड बोललेली बाई "नीर कोडी" विसरते आणि "पाणी दे" तेवढं म्हणते. बेळगावात काम करणाऱ्या मावशींना बहुधा दोन्ही येतात, त्यामुळे इथं निभावतं. मुलाच्या सोयीसाठी बंगळुरात किंवा हैदराबादेत नेऊन ठेवलं तर तिच्याशी बोलणारं कुणी उरत नाही, आणि "त्या खूप चिडचिड करतात" असा निरोप येतो.

हॉलंडमध्ये ॲम्स्टरडॅमजवळ वेस्प गावात २००९ पासून डिमेन्शिया असलेल्यांची एक वसाहतच आहे, होगेवेक नावाची. बाहेरून बंदिस्त, आत दुकान, चौक, बागा, आणि सहा-सात जणांची घरं त्यांच्या सवयींप्रमाणे जुळवलेली. दुकानातला माणूसही काळजी घेणाराच. तशी वसाहत उभारणं फार महाग. पण सवयीप्रमाणे माणसं एकत्र ठेवायची ही कल्पना फुकट आहे: सकाळी हरिपाठ ऐकणाऱ्या दोघींना एका खोलीत ठेवायला पैसे लागत नाहीत.

काळजी घेणारी माणसं तिकडे कुठून येतात?

बरीचशी आपल्यासारख्या देशांतून. जपानने २००८ पासून इंडोनेशिया आणि मग फिलिपिन्समधून माणसं आणली. जर्मनीत केरळच्या नर्स कित्येक दशकांपासून आहेत. आता आपल्या भागातल्या नर्सिंग झालेल्या मुलीही जर्मन भाषेचे वर्ग लावतात. म्हणजे बेळगावच्या मुली तिकडच्या आजोबांना सांभाळायला जाणार आणि त्यांचे आजोबा इथं ब्युरोतून आलेल्या, कसलंही प्रशिक्षण नसलेल्या मावशींच्या हाती. दोष त्या मुलींचा नाही. इथं या कामाला ना पगार ना मान.

जपान किंवा जर्मनीसारखा विमा आपल्याकडे का करत नाहीत?

पगारातून कापायचा तर पगाराची चिठ्ठी लागते. निपाणीत विड्या वळणाऱ्या बाईची, शहापूर-वडगावच्या मागावरच्या विणकराची, खानापूरच्या रोजंदारीवाल्याची चिठ्ठी कुठली? देशातले दहातले आठ-नऊ कामगार असंघटित आहेत. केंद्राच्या वृद्धापकाळ पेन्शनमध्ये केंद्राचा वाटा ८० वर्षांपर्यंत महिना २०० रुपये आणि पुढे ५०० रुपये आहे, त्यात राज्य भर घालतं. या आकड्यांवर नर्सिंग होमचं बोलणंच व्यर्थ.

माझ्या मते आपल्याला जवळचा नमुना परदेशात नसून केरळात आहे. १९९३ मध्ये कोळिकोडला दुखणं कमी करणारं एक लहान केंद्र सुरू झालं. पुढे त्यातून वस्तीवस्तीत प्रशिक्षित स्वयंसेवक आणि फिरत्या नर्स असं जाळं उभं राहिलं आणि २००८ मध्ये केरळ सरकारने त्याचं धोरण केलं. अंथरुणावरच्या माणसाची पाठ बघायला, नळी बदलायला, घरच्या बाईला दोन तास मोकळीक द्यायला कुणीतरी घरी येतं. गणेशोत्सव मंडळं, महिला बचत गट, भजनी मंडळं आमच्या गल्लोगल्ली आहेत. पाठीच्या जखमा कशा टाळायच्या हे त्यांतल्या चार जणींना शिकवायला एखाद्या नर्सिंग कॉलेजला फार जड जाऊ नये.

आत्ता लगेच कुणाशी बोलायचं असेल तर?

ज्येष्ठांसाठी १४५६७ ही देशव्यापी मोफत हेल्पलाइन आहे. वृद्धाश्रमांची माहिती, पेन्शनची अडचण, घरातला छळ, सगळ्यासाठी चालते. फोन लागला की आधी मराठीत बोलणारं कुणी आहे का विचारा, नसेल तर शेजारच्या कन्नड येणाऱ्या पोराला फोनजवळ बसवून घ्या. छळ चालू असेल आणि जीवाला धोका वाटत असेल तर ११२.